शनिवारचा काढा

काढ्यानं विषाणू मरत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडे कृती मागायला नको. माझी सगळी नोकरी तळोज्याच्या एका औषध कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली. बाटलीवर जे लिहिलंय ते बाटलीत आहे का, एवढंच बघायचं काम. त्यामुळे कुणी कशाचे गुण गायला लागलं की माझी नजर आपोआप लेबल शोधते. बायको म्हणायची, तुम्ही देवासमोर उभे राहिलात तरी आधी बॅच नंबर विचाराल.

कोरोनाच्या काळात मला चिडायला भरपूर वाव मिळाला. इम्युनिटी हा शब्द भाजीवाल्यालाही पाठ झाला होता. लिंबं इम्युनिटीची, आवळे इम्युनिटीचे, एका दुकानात तर इम्युनिटीची चादर टांगली होती. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी उठल्याबरोबर काढे उकळायला लागायचे. कुणी गुळवेल घाला म्हणे, कुणी अडुळसा, कुणी ज्येष्ठमध. आमचे सेक्रेटरी मिरी, सुंठ, लवंग आणि दालचिनीचा असा जहाल काढा दिवसभर ढोसत राहिले, की कोरोना राहिला बाजूला, मूळव्याधीनं त्यांना सोसायटीची कामं उभ्यानं करायला लावली. रोगापेक्षा इलाज भयंकर, असं मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर कुणी काही बोललं नाही. माझ्या लिहिण्यावर सहसा कुणी काही बोलत नाही.

तरी काढा मी पितो. आजही रोज सकाळी पितो. गवती चहाची पाती, आल्याचा तुकडा, तुळस मिळाली तर तुळस. घसा शेकतो, वाफ नाकात जाते, पोटात गरम पाणी जातं. याहून मोठा दावा मी करणार नाही. पण एकदा मला तो दुसऱ्या कुणीतरी करून दिला होता, आणि त्याच्या बदल्यात मी काय केलं ते मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले यहुदी. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावांत लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. घाणे गेले, शनिवार राहिला. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत आमच्या घरात विस्तव पेटत नाही. गॅस लावायचा नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही, फोन घ्यायचा नाही. सगळेच हे इतकं पाळतात असं नाही. पनवेलमध्ये आता आम्ही उरलोच किती! बहुतेकांची मुलं इस्राएलला गेली, मुलांच्या मागून म्हातारेही गेले. माझी मुलगी तिकडेच असते. मी गेलो नाही, कारण बायकोला जायचं नव्हतं, आणि आता ती इथल्याच कब्रस्तानात आहे.

शेजारच्या फ्लॅटमध्ये ताई राहायच्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, आगरी, गव्हाणच्या. त्यांच्या घरची शेती होती, मिठागर होतं. जमीन प्रकल्पात गेली, पैसा आला, मुलगा उलव्याला बिल्डर झाला. यजमान होते तेव्हा दोघांनी तळ्याजवळच्या आमच्या इमारतीत हा फ्लॅट घेतला होता. पुढे यजमान वारले तरी त्या मुलाकडे गेल्या नाहीत. उलव्यात बारा महिने तेरा काळ बांधकाम चाललेलं, सिमेंट खायला जाऊ काय तिकडे, असं म्हणायच्या. बाल्कनीत रंगाच्या रिकाम्या डब्यांतून त्यांनी गवती चहाचं रान माजवलं होतं. खाली पार्किंगमध्येही वास यायचा.

बायको होती तोवर दर शनिवारी सकाळी ताई गवती चहाची किटली घेऊन दारात यायच्या आणि एकच वाक्य बोलायच्या, "माज्यासाठी केला व्हता, उरला." या वाक्यात सगळं होतं. आमच्यासाठी विस्तव पेटव असं आम्ही दुसऱ्याला सांगू शकत नाही, आणि कुणी मुद्दाम आमच्यासाठी पेटवला तर तेही चालत नाही. पण कुणी स्वतःसाठी केलं आणि उरलं, तर घ्यायला हरकत नाही. बायकोनं हे त्यांना कधीतरी सांगितलं असणार. एकट्या बाईला भलीमोठी किटली भरून चहा दर शनिवारी उरतो कसा, हे आम्ही कधी विचारलं नाही. त्या खोटं बोलायच्या आणि आम्ही ते आनंदानं प्यायचो.

बायको गेल्यानंतर मीच त्यांना म्हणालो, आता माझ्यासाठी त्रास घेऊ नका, मी शुक्रवारी थर्मास भरून ठेवतो. खरं कारण वेगळं होतं. दारात दोघी बोलत उभ्या राहायच्या, त्यातली एक नसताना किटली घ्यायला मला नकोसं वाटत होतं. ताईंनी मान डोलावली. त्यानंतर आमचं बोलणं जिन्यात भेटलो तर होई, नाही तर नाही. मग तर लॉकडाऊनच लागला.

दुसऱ्या लाटेत मला गाठलंच. ताप, अंग मोडून आलेलं, घसा सोलवटलेला. डॉक्टर फोनवर बोलले. तापाची गोळी, वाफ, बोटाला लावायचं ते यंत्र, भरपूर पाणी, आणि श्वास लागला तर लगेच कळवा. महापालिकेच्या माणसानं दारावर कागद चिकटवला. त्या दिवसापासून आमच्या मजल्यावरून जाणारे लोक माझ्या दारापाशी आले की श्वास रोखायचे. दाराच्या भिंगातून मला ते दिसायचं. एरवी माझ्याकडे कोण येणार होतं म्हणा, पण येऊ नये असं लिहून लावलेलं वेगळं. मला फार एकटं वाटलं. ते मी मुलीला सांगितलं नाही. तिला सांगितलं की ऑक्सिजन उत्तम आहे.

शुक्रवार आला तेव्हा मी थर्मास भरला, पण अंगात ताकद नव्हती, झाकण नीट बसलं नसावं. शनिवारी सकाळी पाणी कोमट. माझा जीव धोक्यात असता तर गॅस लावायला धर्माची आडकाठी नव्हती, उलट तसं करायलाच सांगितलंय. पण माझा जीव काही जात नव्हता, नुसता घसा जळत होता. कोमट पाण्याचा पेला धरून मी स्वयंपाकघरात उभा होतो, आणि दारावर थाप पडली.

उघडलं तर बाहेर प्लॅस्टिकच्या स्टुलावर किटली. तोंडाला पदर लावून ताई जिन्याजवळ उभ्या.

"माज्यासाठी केला व्हता, उरला," त्या म्हणाल्या.

"ताई, लांब राहा," मी म्हणालो.

"लांबच हाय. तुमी प्या. गरम हाय तवर प्या. आनि दार लावा, वारा लागंल."

गवती चहा, आलं, तुळस, आणि गुळाची चव. मी उभ्याउभ्या प्यायलो. पहिल्या पेल्याला घशातून आग उतरली, दुसऱ्याला बरं वाटलं, तिसरा पिताना मी रडत होतो. बायको गेल्यावर मुलगी आली होती, घरात माणसं होती, तेव्हा मी रडलो नव्हतो.

पुढच्या शनिवारीही तसंच झालं. थाप, स्टूल, तेच वाक्य; किटली माझ्याकडेच राहिली होती, म्हणून या वेळी काढा ताईंनी मी बाहेर ठेवलेल्या भांड्यात वरून ओतला. मधल्या दिवसांत गॅसवर माझं मी काहीतरी उकळत होतो, पण मी वाट बघत होतो ती शनिवारची. औषधाच्या गोळीची कधी कुणी वाट बघतं का? काढ्यात काय आहे हे मी इतकी वर्षं लेबलवर शोधत आलो, आणि तो आणून देणारं माणूस तेवढं माझ्या हिशेबात आलं नव्हतं.

मग मी बरा झालो. कागद निघाला. ताईंची किटली माझ्याकडेच होती, ती परत द्यायची होती, आणि इथे माझ्यातला प्रयोगशाळेतला माणूस जागा झाला. आजारी घरातली वस्तू ती. मी किटली साबणानं घासली, मोठ्या पातेल्यात उकळून काढली, झाकण वेगळं उकळलं, मग बाल्कनीत उन्हात उलटी टाकून दोन दिवस तापवली. इतकी लखलखीत किटली कारखान्यातसुद्धा पास झाली असती. कागदाच्या नव्या पिशवीत घालून ती मी ताईंच्या दाराच्या कडीला अडकवली. बेल वाजवली नाही, म्हणजे त्यांना समोर यायला नको. माझ्या मनात त्यांच्याविषयी जेवढं होतं ते सगळं मी त्या घासण्यात घातलं होतं. आत काही घालावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी सकाळी लवकर उठून तयार होऊन बसलो. आता मी बरा होतो, थर्मासही नीट लावला होता, काढ्याची गरज नव्हती. तरी बसलो. थाप पडली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. ताईंचं दार बंद. बाल्कनीत गवती चहा तसाच, पण त्या कापताना दिसल्या नाहीत.

मी माझा अर्थ लावला. आजारी होतो तोवर दया आली, आता भीती वाटत असेल. इतरांसारख्याच त्याही. मग मला राग आला, आणि राग आला की माझं तोंड बंद होतं, पाय जड होतात. चार पावलांवरचं दार, पण मी काही गेलो नाही. म्हटलं, आपण होऊन कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, गरज त्यांना नसेल तर आपल्यालाही नाही. असं म्हणणाऱ्या माणसाला गरज किती असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी तळ्याभोवती चक्कर मारायचो, कट्ट्यावर बसायचो, ओळखीचं कुणी मास्कमधून दिसलंच तर हात करायचो आणि घरी येऊन कुलूप उघडायचो. दिवसच्या दिवस माझा आवाज फक्त प्रार्थनेपुरता बाहेर पडायचा.

मुलीचा फोन दर रविवारी. तिकडे ती घाईत असते, तिची पोरं मागे हिब्रूत भांडत असतात. एका रविवारी मी ताईंविषयी कुरकुर केली. काढा देत होत्या, मग एकदम बंद, लोकांचं हे असंच.

"किटली परत दिलीत ना?" तिनं विचारलं.

"दिली म्हणजे काय! उकळून, उन्हात तापवून दिली."

"आणि आत काय घातलंत?"

"आत? काही नाही. आजारी घरातून खायचं कसं पाठवणार?"

ती हसायला लागली, मग हसता हसता थांबली. "बाबा, आई कधी कुणाचं भांडं रिकामं परत पाठवायची नाही. काही नसलं तर मूठभर साखर घालायची. तुम्ही बघितलं नाहीत कधी? ताईंनी रिकामी किटली बघून काय समजायचं?"

मी खरंच बघितलं नव्हतं. ते सगळं बायकोच्या हातून परस्पर व्हायचं. रविवारी किटली जायची, कधी शिरा, कधी खोबऱ्याच्या वड्या, कधी नुसती साखर, आणि मी पेपर वाचत बसलेला असायचो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं झालं. जंतू सगळे मेले आणि सोबत शेजारही गेला.

त्याच दिवशी ताईंचं दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. खाली सेक्रेटरी भेटले, ते म्हणाले, "अहो, त्या महिनाभर इथे नाहीत. हॉस्पिटलात होत्या, ऑक्सिजनवर. आता मुलाकडे आहेत उलव्याला. तुम्हाला माहीत नाही?" शेजारी कोण राहतं, मी की तुम्ही, अशा नजरेनं ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. फोन नंबर त्यांनी दिला. मी लावला तो मुलानं उचलला आणि म्हणाला, आईला बोलायला धाप लागते, नंतर करा. नंतर केला तेव्हाही तेच. मग मी करायचं सोडलं. मुलाला वाटेल, कोण हा माणूस, कशासाठी मागे लागलाय.

ताई परत आल्या त्या पावसाळा संपल्यावर, फ्लॅट रिकामा करायला. खाली टेम्पो लागलेला दिसला. मी स्वयंपाकघरात गेलो आणि काढा ठेवला. वार बुधवार होता, गॅस लावायला काही अडचण नव्हती. माझ्या बाल्कनीच्या कठड्यावर त्यांचा गवती चहा वाकून आलेला असायचा, त्याची दोन पाती तोडली, आलं ठेचलं, आणि घरातलं झाकणाचं भांडं भरून घेऊन गेलो.

ताई बांधलेल्या गाठोड्यावर बसल्या होत्या. निम्म्या राहिल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी नको म्हटलं. काढा पेल्यात ओतून दिला. एक घोट घेऊन म्हणाल्या, "गूल नाय टाकला."

"विसरलो," मी म्हणालो. मग एका दमात सांगून टाकलं. किटली रिकामी का दिली ते, जंतूंचं, उकळण्याचं, आणि बायको साखर घालायची हे मला ठाऊकच नव्हतं, तेही.

त्या ऐकत राहिल्या. "मी उघडून बगला," म्हणाल्या. "आत काय बी नाय. आमच्यात बोलना तुटला की भांडा रिकामा येतं. मना वाटला, बाय गेली, आता शेजार बी नको ह्यांना. मी म्हटला, जाऊ दे. ज्याची त्याची मर्जी."

"तसं नव्हतं, ताई."

"आता कलला. दोन लवंगा तरी टाकायच्या, भाऊ. लवंगंला कुठं जंतू लागतात?" त्या हसल्या आणि खोकल्या. खोकला थांबेपर्यंत मी पेला धरून उभा होतो. मग त्या म्हणाल्या, "मी तुमच्या मागनंच पडली ना."

मला वाटलं होतं, त्या केव्हातरी नंतर आजारी पडल्या. तसं नव्हतं. किटली दारावर अडकवली त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला. मुलाच्या घरात सगळेच आडवे, त्याला येता येत नव्हतं. सोसायटीत त्यांनी कळू दिलं नाही, कारण माझ्या दारावरच्या कागदापुढून लोक कसे जातात ते त्यांनी बघितलं होतं. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. तिच्या पलीकडच्या खोलीत त्या पडून होत्या. अलीकडे मी, त्या का येत नाहीत म्हणून रुसलेला.

"येक दिवस लयच झाला," त्या म्हणाल्या. "उठाया जमंना. फोन कुठं पडला तो बी गावंना. सांजचा टाइम व्हता, तुमचा तो गाना चालू व्हता. शुक्रवारी म्हनता तो. मग मी भितीवर ठोकला. हातानं. तुमी आयकाल म्हनून."

मी ऐकलं होतं.

सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, बंद होतं, म्हणून शब्बाथची, शनिवारच्या विसाव्याची प्रार्थना मी घरीच म्हणायचो, मोठ्यानं, कारण दहा जणांच्या आवाजात म्हणायची सवय आणि आता एकटा. त्या शुक्रवारी भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला. एकदा, मग थांबून पुन्हा. मला वाटलं, माझ्या आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होतोय. आधी किटली बंद केली, आता प्रार्थनाही नकोशी झाली. अपमान गिळला आणि पुढची सगळी प्रार्थना मी ओठांतल्या ओठांत म्हटली. त्यानंतरच्या शुक्रवारीही तशीच.

"मला वाटलं, तुम्हाला त्रास होतोय," मी म्हणालो. त्यांना ते ऐकू गेलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा सांगितलं.

"तरास?" ताई म्हणाल्या. "तोच येक आवाज व्हता, भाऊ. मी ठोकला, आनि तो बी बंद झाला."

त्या रागावल्या नव्हत्या. घडलं ते सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा ड्रायव्हर डबा घेऊन आला, त्यानं मुलाकडच्या किल्लीनं दार उघडून त्यांना उचललं. मी तेव्हा सिनेगॉगच्या बंद फाटकापर्यंत चालत जाऊन आलो होतो. शनिवारी जायची सवय म्हणून.

माणसं गाठोडी न्यायला वर आली. ताईंनी काढा शेवटपर्यंत प्यायला, बिनगुळाचा, पेला मला दिला आणि भिंतीला धरून उठल्या. उलव्याला या, म्हणाल्या, लिफ्ट चालू झाली आता. मी येतो म्हणालो आणि दोनदा जाऊनही आलो. तिथे बाराव्या मजल्यावर त्या मला काचेतून विमानतळ दाखवतात. सुनेच्या हातचा चहा येतो. त्यांना आता मोठ्यानं बोललेलंच ऐकू येतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी आता प्रार्थना मोठ्यानं म्हणतो, भिंतीजवळ खुर्ची ओढून. मधे मधे थांबतो आणि कान देतो. पलीकडच्या फ्लॅटमध्ये विमानतळावर नोकरी करणारी दोन पोरं भाड्यानं राहतात, त्या वेळी ती कामावर असतात.